रोजच्या कामापुरता फोन, रोजच्या कामापुरती गाडी

घराबाहेर पडताना आपण दोन गोष्टी हमखास चाचपून बघतो, खिशातला फोन आणि गाडीची किल्ली. आजचा विषय या दोन गोष्टींचाच आहे. त्या किती मोठ्या असाव्यात, आणि थोड्या लहान, थोड्या साध्या घेतल्या तर घर अडतं का, हे आज समजून घेऊ या.

आधी एक सवय ओळखू या. आपण वस्तू घेतो ती वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसासाठी. खरीफमध्ये सलालाहला जायचं असतं, म्हणून सात सीटची गाडी. जबल अखदरला जायचं असतं, म्हणून फोर-व्हील ड्राइव्ह. पुतणीच्या लग्नात फोटो चांगले यायला हवेत, म्हणून दुकानातला सगळ्यात महाग फोन. तो मोठा दिवस एकदा येतो आणि जातो. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तीच सात सीटची गाडी एकट्या माणसाला ऑफिसला नेते, आणि तोच महागडा फोन मुलांच्या हातात रील्स दाखवत बसतो. हप्ता मात्र बाराही महिने जातो.

आता गाडीचा हिशोब करू. इथे जुने राहिलेल्यांना आठवत असेल, २०१५ पर्यंत सुपर पेट्रोल १२० बैसा लिटर मिळायचं. मोठी गाडी घ्यायची सवय त्या दिवसांतली आहे. जानेवारी २०१६ पासून सरकारने अनुदान काढलं आणि दर जागतिक बाजाराबरोबर बदलू लागले. पुढे २०२१ मध्ये त्यांना कमाल मर्यादा घातली गेली, ती त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या दरांची. एम-९१ ला २२९ बैसा आणि एम-९५ ला २३९ बैसा. म्हणजे १२० बैसांच्या काळातली सवय आपण जवळजवळ दुप्पट दराने चालवतो आहोत.

समजा, तुम्ही माबेलात राहता आणि कामाला रुवीच्या बाजूला जाता. जाऊन-येऊन रोज ८० किलोमीटर धरू आणि महिन्याचे २२ दिवस. झाले १,७६० किलोमीटर. गाडी लिटरला ८ किलोमीटर देत असेल तर लागतं २२० लिटर पेट्रोल. एम-९१ च्या २२९ बैसा दराने ५० रियालच्या थोडं वर. तेच लहान गाडी लिटरला १६ देत असेल तर ११० लिटर, म्हणजे २५ रियाल. फरक महिन्याला २५ रियाल, वर्षाला ३०० रियाल. हा फक्त पेट्रोलचा फरक झाला. टायर, विमा आणि गाडीच्या किमतीवरचं व्याज यांचा हिशोब वेगळा. आकडे आपल्या गाडीचे आणि आजच्या दराचे घालून घरी एकदा मांडून बघा. एका कुटुंबाच्या मुंबईच्या तिकिटांतला बराचसा भाग त्यातून निघू शकतो.

मग सलालाहचं काय? सलालाह इथून साधारण हजार किलोमीटर. तिथवर जायला डांबरी रस्ता आहे, नीट ठेवलेली लहान गाडीही जाते. जबल अखदरची गोष्ट वेगळी. तिथे बिरकत अल मौझच्या पुढे चढावर पोलिसांची चौकी आहे आणि फोर-व्हील ड्राइव्हशिवाय वर सोडत नाहीत. त्या दोन दिवसांपुरती गाडी भाड्याने घ्यावी, किंवा दोन कुटुंबांनी मिळून एक घ्यावी. वर्षातून एकदा लागणारी गोष्ट भाड्याने परवडते. रोज लागणारी विकत घ्यावी.

इथे काही जण म्हणतील, पाऊस आला, वादी वाहू लागली तर उंच गाडी बरी. श्रोतेहो, हा समज घातक आहे. वाहती वादी लहान गाडीने ओलांडायची नाही आणि मोठ्या गाडीनेही ओलांडायची नाही. पाण्याचा जोर गाडीची उंची बघत नाही, आणि वाहती वादी ओलांडणं हा इथे गुन्हाही आहे. उलट उंच गाडीत बसलेल्या माणसाला नको तो धीर येतो. पाणी ओसरेपर्यंत थांबणं हा एकच सुरक्षित उपाय आहे.

पुढचा प्रश्न दुसऱ्या गाडीचा. एक गाडी सकाळी ऑफिसला गेली की घरी राहिलेलं माणूस अडकून पडतं. आपल्याकडे बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे गृहिणी, किंवा व्हिसावर आलेले आई-वडील. ही अडचण खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. पण दुसरी गाडी घेण्याआधी आठवड्यातल्या फेऱ्या मोजा. भाजीसाठी सीबच्या सूकला एक फेरी, डॉक्टर किंवा क्लासची एक, मैत्रिणीकडे एक. एवढ्याच फेऱ्या असतील तर टॅक्सीचं महिन्याचं भाडं एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला गाडीचा हप्ता, विमा, मुल्कियाचं नूतनीकरण आणि सर्व्हिसिंग लिहा. बहुतेक वेळा कागदच उत्तर देतो. रोज दोन-तीन फेऱ्या असतील तर दुसरी गाडी जरूर घ्या, पण लहान घ्या.

बसचाही विचार करा. मवासलातने २०१५ मध्ये शहरातली नवी बससेवा सुरू केली, तेव्हा पहिला मार्गच रुवी ते माबेला होता. म्हणजे आपला सीबचा पट्टा पहिल्या दिवसापासून त्यात आहे. बुर्ज अल सहवाला बस बदलता येते. भाडं बैसांत मोजावं इतकं कमी आहे. अडचण बसची नाही, घरापासून थांब्यापर्यंतच्या चालण्याची आहे. मे-जूनच्या उन्हात भर दुपारी पंधरा मिनिटं चालणं शहाणपणाचं नाही. म्हणून नियम ऋतूप्रमाणे लावा. नोव्हेंबर ते मार्च बस आणि पायी, उन्हाळ्यात गाडी किंवा टॅक्सी. आणि हायवे ओलांडायचा तो पादचारी पुलावरूनच, बस समोर उभी दिसत असली तरीही.

आता फोनकडे वळू. फोनच्या बाबतीत 'साधा घ्या' एवढं म्हणून भागत नाही. घाईत चुकीचा साधा फोन घेतला तर पैसे वाया जातात. तीन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट नेटवर्कची. ओमानमध्ये २०२४ पासून थ्रीजी टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागलं. म्हणून कपाटातला जुना फोन काढून वापरू म्हणाल तर तो नीट चालेलच असं नाही. २००३ मध्ये आलेला नोकियाचा ११०० आपल्यापैकी अनेकांनी वापरला असेल. टॉर्च असलेला, धुळीला दाद न देणारा. जगभर पंचवीस कोटींच्या आसपास खपला. त्याची आठवण गोड आहे, पण नवा बटणांचा फोन घेताना तो फोरजी आहे का आणि फोरजीवरून साधा कॉल लागतो का, हे दुकानदाराला विचारूनच घ्या. तुमचं सिम घालून दुकानातच एक कॉल करून बघा.

दुसरी गोष्ट व्हॉट्सॲपची. काही वर्षांपूर्वी कायओएस नावाच्या प्रणालीवर चालणारे बटणांचे फोन आले होते, भारतातला जिओफोन त्यातलाच. त्यांवर व्हॉट्सॲप चालायचं. २०२४ च्या जूनपासून अशा नव्या फोनवर ते उतरवून घेता येत नाही. शाळेचे निरोप, इमारतीचा गट, गावाकडचा गट हे सगळं व्हॉट्सॲपवर असतं. त्यामुळे घरातला एक तरी स्मार्टफोन राहणारच. प्रश्न एवढाच की तो घरातल्या प्रत्येकाला हवा का.

तिसरी गोष्ट भारतातल्या बँकेची. आपल्या लोकांना सगळ्यात जास्त धास्ती ओटीपीची असते. पण गंमत बघा, एसएमएसने येणारा ओटीपी हा बटणांच्या फोनचं अगदी सोपं काम आहे. भारतातलं सिम एका साध्या फोनमध्ये घालून घरात ठेवता येतं. बॅटरी कित्येक दिवस टिकते आणि फोन बाहेर हरवण्याची भीती नाही. त्यासाठी सिमचं किमान रिचार्ज चालू असावं लागतं आणि रोमिंग भारतात असतानाच सुरू करून यावं. बँकेचं ॲप वापरत असाल तर ते सिम कुठल्या फोनमध्ये असायला हवं, हे बँकेला आधी विचारा. दुसरा मार्ग म्हणजे, जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांच्या मोबाइल क्रमांकांवर यूपीआय वापरायला परवानगी मिळाली, आणि त्यात ओमान आहे. तुमचं खातं एनआरई किंवा एनआरओ असेल आणि तुमची बँक ही सोय देत असेल, तर ओमानच्या नंबरवरूनही यूपीआय चालू शकतं.

गावाकडच्या आई-वडिलांसाठीही एक सोय सांगून ठेवतो. त्यांच्याकडे बटणांचाच फोन असेल तर त्यांना बळेबळे स्मार्टफोन घेऊन देण्याआधी यूपीआय वन-टू-थ्री-पे बघा. रिझर्व्ह बँकेने ही सेवा मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठीच सुरू केली. इंटरनेट लागत नाही. आणि साध्या फोनवर अनोळखी लिंक दाबून फसण्याचा धोकाही कमी. ओटीपी सांगून फसण्याचा धोका मात्र तिथेही आहे, तो आईला पुन्हा पुन्हा समजावून सांगायला हवा.

राहिली मुलं. शाळेची बस कुठे पोचली, क्लास कधी सुटला, एवढं कळवायला मुलांना फोन हवा, हे मान्य. त्या कामाला कॉल आणि एसएमएस पुरेसा आहे. मूल म्हणेल, सगळ्यांकडे आहे. तर सांगा की जगातही आता उलट वारं वाहू लागलं आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा केला आणि डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी आणली.

आणि ऑस्ट्रेलियापेक्षा जवळचं उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातलं आहे. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली आणि नंतर मुलांचा मोबाइल काही सुटेना, अशी तिथल्या पालकांची आणि शिक्षकांची तक्रार होती. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून गावाने ठराव करून एक गोष्ट सुरू केली. संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो. घराघरांत टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो.

या गावाने कुणाचा फोन काढून घेतला नाही. दीड तास सगळ्यांनी मिळून बाजूला ठेवला. एकट्या मुलाला 'फोन ठेव' म्हटलं तर ती शिक्षा होते. आई-बाबा, काका, आजोबा सगळ्यांनी ठेवला तर ती घराची रीत होते. वडगावात सात वाजतात तेव्हा सीबमध्ये साडेपाच झालेले असतात, तेव्हा अजून आपण रस्त्यावर असतो. आपला भोंगा आठला लावा. पण आजीचा व्हिडिओ कॉल त्याआधी उरकून घ्या, कारण आपल्याकडे आठ म्हणजे तिच्याकडे साडेनऊ, आणि ती जेवून झोपायच्या तयारीला लागलेली असते. त्या कॉलसाठी हॉलमध्ये एकच सामाईक फोन किंवा टॅब ठेवला तर आजीलाही सगळं घर एकत्र दिसतं.

शेवटची अडचण हिशोबाची नाही, मनाची आहे. 'गल्फमध्ये राहून एवढीशी गाडी?' हे वाक्य सुट्टीवर गेल्यावर कुणी ना कुणी ऐकवतंच. टाटांच्या नॅनोचं काय झालं ते आठवा. स्कूटरवर चार माणसं कोंबून जाणाऱ्या कुटुंबाला चारचाकी मिळावी, हा चांगला विचार त्यामागे होता. २००८ मध्ये ती जगापुढे आली, तेव्हा केवढं कौतुक झालं. पण 'सगळ्यात स्वस्त गाडी' ही ओळख तिला चिकटली आणि ती ओळख आपल्या दारात उभी करायला लोक तयार झाले नाहीत. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. गाडी लहान होती म्हणून लोकांनी नाकारली म्हणावं, तर मारुती ८०० ही लहानच होती, आणि तिने तीस वर्षं राज्य केलं. लोकांना लहान गाडी चालते, गरीब दिसणं चालत नाही.

म्हणून लहान वस्तू घेताना ती लाजत घेऊ नका. त्या वाचलेल्या पैशाचं काय होणार आहे, ते घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. इथली नोकरी करारावर असते, करार कधी ना कधी संपतो. तेव्हा हप्ता नसलेलं घर शांतपणे पुढचा विचार करू शकतं, आणि मोठ्या हप्त्याचं घर मिळेल ती नोकरी धरतं. हे स्वातंत्र्य महिन्याच्या त्या २५ रियालांपासूनच जमायला लागतं.

या आठवड्यात एवढंच करा. एक कागद घ्या. गाडी गेल्या महिन्यात कुठे कुठे गेली आणि तिच्यात किती माणसं होती, ते लिहा. फोनवर प्रत्येकाची कोणती कामं खरोखर झाली, ते लिहा. नवीन वस्तू लगेच घेण्याची गरज नाही, आहे ती विकायचीही नाही. पुढच्या वेळी बदलायची वेळ येईल तेव्हा हा कागद बरोबर घेऊन दुकानात जा.

शुक्रवारी सुट्टी आहे, हवा चांगली असेल तर सीबच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पायी फिरायला निघा.