गोष्ट पुस्तकातली, चित्रातली आणि पडद्यावरची

दिवेलागणीची वेळ आहे. धारा काढून झाल्या आहेत. तुमचा मुलगा कोपऱ्यात चित्रांचे पुस्तक घेऊन बसला आहे आणि तुम्ही त्याला म्हणता, "चित्रं काय बघतोस? जरा अभ्यास कर!" असे आपण सगळेच म्हणतो. चित्रे बघणे म्हणजे वेळ घालवणे आणि नुसती अक्षरे वाचणे म्हणजेच अभ्यास, असे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. त्याचाच आज थोडा विचार करू या.

चित्रातून गोष्ट सांगणे ही आपल्या मातीतलीच रीत आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची कला पिढ्यानपिढ्या जपली आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकापुढे एक मांडायची आणि वाद्याच्या साथीने कथा गाऊन सांगायची, असा हा खेळ. समोर बसलेल्यांना अक्षरओळख नसली तरी गोष्ट कळायची आणि लक्षात राहायची. हल्ली ज्याला चित्रकादंबरी म्हणतात, ती या चित्रकथीची लांबची नातेवाईकच समजा.

चित्रातला भीम

'भीमायन' नावाचे एक पुस्तक २०११ साली इंग्रजीतून निघाले. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग त्यात चित्रांतून सांगितले आहेत. चित्रे काढली आहेत मध्य प्रदेशातल्या दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड पतिपत्नींनी. घराच्या भिंती आणि जमिनी सजवण्याची त्यांची जी पारंपरिक कला, तीच त्यांनी कागदावर आणली.

यातला एक प्रसंग आपल्या सातारा जिल्ह्यातला आहे. बाबासाहेबांनी तो स्वतः लिहून ठेवला आहे. साल १९०१. भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले अशी चार पोरे वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनावर उतरली, तर न्यायला कोणीच आलेले नाही. पोरांची जात कळताच स्टेशनमास्तरचा नूर पालटला. एकही गाडीवान गाडी द्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही एका अटीवर. गाडी पोरांनी हाकायची आणि तो पायी चालणार! बरोबर डबा होता, पण प्यायला पाणी मिळेना. वाटेत नाकेदाराकडे मागितले, तरी मिळाले नाही. सारी रात्र पोरांनी तहानेने काढली.

हे वाचताना गळा दाटतो. पण चित्रात ते पाहताना आणखी काही घडते. या चित्रकारांनी माणसांना चौकटीत कोंडलेले नाही, सगळे पान मोकळे ठेवले आहे. गोड बोलणाऱ्याचे शब्द पाखराच्या आकारात लिहिले आहेत. टोचून बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी आहे. सात वर्षांच्या पोरालाही कळते की हा शब्द डसतो. ही चित्राची ताकद.

पडद्यावर काय येते, काय राहते

आता सिनेमाचे पाहू. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला. वनमालाबाई आई झाल्या आणि माधव वझे श्याम झाले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, तेव्हा राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. २०२३ मध्ये याच पुस्तकावर पुन्हा नवा चित्रपट आला.

पण बेचाळीस रात्री एका बैठकीत कशा बसणार? काही गाळावे लागते, काही जोडावे लागते. धान्य पाखडताना सुपातून काही उडतेच, तसे हे आहे. म्हणून चित्रपट पाहिला की पुस्तक झाले, असे समजू नका.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. मेंढरांमागे जाणारी पोरे शाळेत आणता आणता तो त्या वाडीचाच होऊन जातो. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. १९५५ सालच्या या कादंबरीवर अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये चित्रपट केला. कादंबरीत मास्तर स्वतःच बोलतो, त्यामुळे त्याच्या मनातली भीती आणि संकोच आपल्याला आतून कळतात. कॅमेऱ्याला मन दिसत नाही, त्याला चेहरा दिसतो. उलट, ओसाड माळ आणि जनावरे घेऊन निघालेली माणसे पडद्यावर दिसली की ज्याने दुष्काळ भोगला आहे, त्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. दोन्हींची गोडी निराळी आहे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

घरी एवढे करा

आज मोबाईल घरोघरी आहे आणि पोरे त्यावर रात्र रात्र काहीबाही बघतात. नुसते रागावून ते सुटत नाहीत. त्यापेक्षा एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून चांगला चित्रपट पाहा. नंतर तेच पुस्तक गावच्या वाचनालयातून आणा. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. आजीला वाचता येत नसेल, तर नातीने वाचून दाखवावे. मग विचारा, पुस्तकात होते ते सिनेमात का नव्हते? तुला आई कशी दिसली होती? मुले आपोआप बोलू लागतील.

आणि मसूरची ती गोष्ट सांगाल, तेव्हा एक करा. आपल्या गावातल्या पाणवठ्याची जुनी हकीकतही मुलांना सांगा. कोण कुठे पाणी भरत होते आणि कोणाला ओंजळीत वरून पाणी घालत होते, ते लपवू नका. सांगताना मान खाली गेली, तर जाऊ द्या. आपल्या घरात, आपल्या बोलण्यात ती नांगी अजून उरली आहे का, हे मुले मग स्वतःच पाहतील.

तेव्हा आज संध्याकाळी पोरगा चित्रांचे पुस्तक घेऊन बसला, तर ओरडू नका. हातपाय धुऊन त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "काय रे, काय गोष्ट आहे? मला पण सांग की!"