अंगाला बसेल तेच बीसीडी

डायव्हिंगचा कोर्स संपला की विद्यार्थी स्वतःच्या सामानाचं बोलायला लागतात. मास्क आधी घ्यायचा हे बहुतेकांना ठाऊक असतं. मग फिन्स, मग मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर. गाडी अडते ती बीसीडीपाशी. दुकानात एकाच भिंतीवर दहा जॅकेटं टांगलेली असतात, प्रत्येकाला वेगळे पट्टे, वेगळे खिसे, आणि विकणारा प्रत्येकाची तारीफ करत असतो. मी हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत अंदमानात हॅवलॉकला डायव्हिंग शिकवते. या एका वस्तूबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण ती चुकीची घेतली तर पुढची कित्येक वर्षं माणूस पाण्यात झगडत राहतो आणि दोष स्वतःला देतो.

बीसीडी म्हणजे सिलिंडर पाठीवर धरून ठेवणारं आणि आत हवा भरता-सोडता येणारं जॅकेट. तारकर्लीला किंवा मालवणला हौसेनं एकदा पाण्याखाली जाऊन आलेल्यांपैकी अनेकांनी ते अंगावर घातलेलं असतं, पण त्याच्या बटणांना हात लावलेला नसतो. ते काम मागून धरणाऱ्या इन्स्ट्रक्टरचं. स्वतंत्रपणे डायव्हिंग करायला लागल्यावर मात्र ही बटणं आपल्याच बोटांखाली येतात.

मी मूळची देवबागची, रापणीच्या जाळ्यांनी मासे धरणाऱ्या गावातली. जाळ्याच्या वरच्या दोराला बोये आणि खालच्या दोराला शिसं, या दोन्हींचं प्रमाण जमलं तरच जाळं पाण्यात नीट उभं राहतं. डायव्हरचं तसंच आहे. फरक इतकाच, की आपल्याला प्रत्येक मीटरला प्रमाण नव्यानं जुळवावं लागतं.

समुद्राच्या पाण्यात बहुतेक माणसं मुळात तरंगतात. त्यात निओप्रीनचा वेटसूट घातला की आणखी वर येतात, कारण त्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. म्हणून कमरेला शिसं बांधायचं. पण दहा मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो, वीस मीटरला तिप्पट. सूटमधले बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो, आणि वर बरोबर वाटलेलं शिसं आता खाली ओढायला लागतं. ही तूट भरायला जॅकेटात थोडी हवा घ्यायची. वर येताना हिशेब उलटतो. वीस मीटरवर जॅकेटात दोन लिटर हवा असेल तर दहा मीटरवर ती तीन लिटर होते आणि पृष्ठभागावर सहा. वेळेवर सोडली नाही तर ती आपल्याला वर खेचते, आणि जितकं वर जाल तितकी जास्त फुगते. शेवटचे दहा मीटर म्हणून सगळ्यात नाजूक.

1943 साली जाक कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी अ‍ॅक्वालंग तयार केला, तेव्हा असं जॅकेट नव्हतंच. शिसं मोजून बांधायचं आणि बाकीचं श्वासावर भागवायचं. 1961 मध्ये फ्रान्समध्ये मॉरिस फेंझी यांनी गळ्यात अडकवायच्या फुगणाऱ्या कॉलरचं पेटंट घेतलं. 1971 मध्ये स्कूबाप्रो कंपनीचं हात घालून चढवायचं जॅकेट आलं आणि आजच्या जॅकेटांचा साचा तिथून सुरू झाला. म्हणजे तरंगणं-बुडणं सांभाळायचं काम आधी शिशाचं आणि फुप्फुसांचं होतं. ते आजही त्यांचंच आहे, जॅकेट फक्त उरलेला बारीक फरक भरून काढतं. हे एकदा पटलं की दुकानातली निवड खूप सोपी होते.

दुकानात पहिली बढाई असते ती उचलीची, म्हणजे लिफ्टची. हे बारा किलो उचलतं, ते वीस, मग वीसचंच घ्या. गरम पाण्यात एका सिलिंडरवर डायव्हिंग करणाऱ्याला खरोखर किती लागते ते बघू. आपल्याकडे सर्रास वापरात असतं ते अकरा लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर. 200 बारपर्यंत भरलं की त्यात सुमारे 2200 लिटर हवा मावते आणि त्या हवेचं वजन अडीच किलोच्या वर भरतं. 50 बार उरेपर्यंत त्यातली जवळपास दोन किलो हवा आपण श्वासातून सोडून दिलेली असते. म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीला आपण शेवटापेक्षा दोन किलोंनी जड असतो. तीन मिलिमीटरचा सूट खोलवर दबला की आणखी साधारण दोन किलोंची तूट पडते. झाले चार. पृष्ठभागावर डोकं आरामात पाण्याबाहेर राहावं म्हणून चार-पाच किलो धरा. दहाच्या आसपास काम भागतं, बारा-चौदा किलोंची उचल भरपूर झाली. थंड पाण्यात जाड सूट किंवा ड्रायसूट घालणाऱ्यांचा, दोन सिलिंडर पाठीवर घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा. आपल्या समुद्रात वीस किलोंची पिशवी पाठीवर वागवायची म्हणजे रिकामं कापड पाण्यातून ओढत न्यायचं. शिवाय मोठ्या पिशवीत हवा इकडून तिकडे सरकते आणि सोडताना एखाद्या कोपऱ्यात अडकून बसते.

एवढी उचल लागते असं ज्यांना वाटतं, त्यांच्या कमरेला बहुतेक वेळा शिसंच जास्त असतं. तीन किलो शिसं जास्त म्हणजे जॅकेटात तीन लिटर हवा जास्त, आणि ती हवा वर येताना फुगणार. जॅकेट खरेदीच्या आधी शिशाची परीक्षा करा, असं मी हट्टानं सांगते. ती अवघड नाही. डाइव्ह संपताना, सिलिंडरमध्ये 50 बारच्या आसपास हवा उरलेली असताना, पूर्ण सामानासह पृष्ठभागावर उभे राहा. जॅकेटातली सगळी हवा सोडा. सामान्य श्वास धरून, पाय न हलवता थांबा. पाण्याची रेघ डोळ्यांच्या पातळीवर आली पाहिजे, आणि श्वास सोडल्यावर सावकाश खाली जायला हवं. दगडासारखे बुडालात तर एक किलो काढा आणि परत बघा. आकडा मिळाला की डाइव्हच्या वहीत लिहून ठेवा, सूट कुठला होता तेही लिहा.

आता मापाचं. गेल्या हंगामात साताऱ्याहून एक शिक्षिका आल्या होत्या. अंगानं बारीक, उंची पाच फुटांच्या आत. कोर्स त्यांनी दुसरीकडे केला होता आणि तिथे मिळालं ते मीडियम मापाचं भाड्याचं जॅकेट घातलं होतं. आमच्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, मला पाण्यात सरळ राहताच येत नाही." त्यांना तसल्याच मापाचं जॅकेट घालून उथळ पाण्यात उभं केलं आणि हवा भरली. जॅकेट अंगासोबत न राहता वर सरकलं, खांद्याचे पट्टे कानांना लागले, हनुवटी कॉलरमध्ये गेली. पोटावरचा रुंद पट्टा शेवटापर्यंत ओढूनही आत मूठ जात होती. पाण्याखाली गेल्यावर सिलिंडर डावी-उजवीकडे कलंडत होतं आणि त्या प्रत्येक वेळी हातानं तोल सावरत होत्या. एक्स्ट्रा स्मॉल जॅकेट दिलं. सिलिंडर पट्ट्यात थोडं वर सरकवलं, कमरेचं एक किलो शिसं सिलिंडरच्या पट्ट्यावर हलवलं. पाय खाली लोंबायचे थांबले. दोन्ही हात छातीशी जोडून, तळापासून हातभर वर, त्या स्थिर राहिल्या. वर आल्यावर पहिलं वाक्य होतं, "मग इतके दिवस माझं काय चुकत होतं?" त्यांचं काहीच चुकत नव्हतं. माप चुकलेलं होतं.

पाय लोंबणं ही दिसायला छोटी बाब आहे. पण लोंबते फिन्स प्रवाळावर आपटतात. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पण फिन्सच्या टोकाला कायदा कळत नाही. बोटाएवढी फांदी वाढायलाही प्रवाळाला वेळ लागतो. मालवणसारख्या ठिकाणी, जिथे पाणी आधीच गढूळ असतं, तिथे एका लाथेनं उडालेला गाळ मागून येणाऱ्या सगळ्यांची डाइव्ह घालवतो.

प्रकारांबद्दल थोडक्यात सांगते. नेहमीचं जॅकेट कमरेभोवती आणि बगलेखालीही फुगतं. पृष्ठभागावर ते छान ताठ ठेवतं, म्हणून डायव्हिंगच्या शाळांमध्ये तेच असतं. फुगल्यावर काहींच्या बरगड्यांना आवळतं. दुसऱ्या प्रकारात हवा फक्त पाठीमागे असते. पाण्याखाली आडवं राहायला ते सोपं, पण पृष्ठभागावर जास्त हवा भरली तर तोंड पुढे ढकलतं. कमी हवा भरून जरा मागे रेललं की जमतं. तिसरा प्रकार बॅकप्लेट आणि विंगचा. धातूची पाटी, एकाच अखंड पट्ट्याचं हार्नेस आणि मागे हवेची पिशवी. फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांत जाणाऱ्यांनी हा घडवला, कारण तिथे तळाचा गाळ उडाला की परतीची वाट दिसत नाही. स्टीलची पाटी अडीच-तीन किलोंची असते, तितकं शिसं कमरेवरून कमी होतं. पट्टा आपल्या मापानं कापून बसवायचा, त्यामुळे ते कोणत्याही अंगाला बसतं, आणि फाटली तर एकटी पिशवी बदलता येते. नियमित डायव्हिंग करणार असाल तर माझा कौल बॅकप्लेटला. वर्षातून एकदा आठवडाभर जाणाऱ्यानं मापात बसणारं, पाठीमागे हवा असलेलं हलकं जॅकेट घ्यावं. पोर्ट ब्लेअरच्या विमानात साधारण 15 किलो सामान नेता येतं, त्यात दोन-अडीच किलोंचं जॅकेट परवडतं. स्टीलची पाटी नेणारे मग कपडे कमी नेतात.

रंग, खिशांची संख्या, छापलेली नक्षी यांवर मी वेळ घालवत नाही. खिसा एक पुरे. शिशाच्या पिशव्या जॅकेटातच असतील तर त्या एका हातानं झटकन निघतात का ते ओढून बघा, कारण अडचणीत त्याच टाकायच्या असतात.

व्हॉल्व्हवर मात्र वेळ द्या. जॅकेट अंगात घाला, पट्टे आवळा, डोळे मिटा. डावीकडच्या नळीवरचं हवा भरायचं बटण आणि सोडायचं बटण अंगठ्याला वेगवेगळं कळतंय का? उजव्या खांद्यावरची दोरी सापडते का? मागे कमरेखालच्या व्हॉल्व्हची गाठ हाताला लागते का? आडवं पोहत असताना किंवा डोकं खाली असताना हवा त्या खालच्या व्हॉल्व्हातूनच सुटते. हवा भरायचं बटण आत अडकून बसलं तर जॅकेट आपोआप फुगत जातं, अशा वेळी नळीचा जोड झटकन सोडवावा लागतो. तो जोड ओल्या बोटांनी सुटतो का ते दुकानातच करून बघा. विकणारा कंटाळला तरी चालेल.

जुनं घ्यायलाही हरकत नाही. पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी सैल पडलेलं असेल तर सोडून द्या. ताठ असेल तर व्हॉल्व्ह गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडे येतात का बघा. नवं असो वा जुनं, प्रत्येक दिवसाच्या शेवटी नळीच्या तोंडातून आत गोडं पाणी घालायचं, सगळीकडे खळखळवायचं, उलटं धरून काढायचं आणि अर्धवट फुगवून सावलीत वाळवायचं. बटणं अडकतात ती बहुतेक वेळा मिठाच्या खड्यांमुळे. आणि कितीही महागडं घेतलंत तरी बीसीडी हे लाइफ जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर राहीलच, याची हमी ते देत नाही.

खरेदीला जाताना आपला वेटसूट सोबत न्या, तो घालूनच जॅकेट चढवा, सिलिंडर लावून दुकानात दहा मिनिटं फिरा आणि पूर्ण फुगवून खोल श्वास घ्या. जे आवडेल ते आधी भाड्यानं घेऊन दोन-चार डाइव्ह करा. आणि तुमच्या मापाचं जॅकेट दुकानात नसेल तर त्या दिवशी काहीही न घेता परत या.