जिंजीने मिळवून दिलेली सात वर्षे

'मराठा लष्करी भूप्रदेश' युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ११ जुलै २०२५ रोजी दाखल झाला. तेव्हापासून बारा किल्ल्यांच्या नावाने खरी चर्चा चालते ती अकरांचीच. बारावी, तमिळनाडूतली जिंजी, बातमीच्या शेवटच्या ओळीत उरकली जाते. हा अन्याय आहे. मराठ्यांचे राज्य किल्ल्यांच्या जोरावर टिकले, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो; पण किल्ल्याने राज्य टिकते म्हणजे नेमके काय होते, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा या बारांमध्ये जिंजीच देते. किल्ल्याचे काम शत्रूला कायमचे थोपवणे नव्हे. शत्रूचे मोठे सैन्य एका जागी खिळवून ठेवायचे आणि तेवढ्या काळात बाकीच्या राज्याला सावरायला उसंत द्यायची, हे त्याचे काम.

संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, १६८९ मध्ये, राजाराम महाराज रायगडावरून निसटले आणि पन्हाळ्यावरून दक्षिणेकडे वळून वर्षअखेरीस जिंजीला पोहोचले. त्याच सुमारास रायगड पडला. तो घेणाऱ्या सरदाराला औरंगजेबाने झुल्फिकारखान हा किताब दिला आणि पुढच्या वर्षी त्यालाच जिंजीवर धाडले. राजधानी काही महिन्यांत घेणाऱ्या या माणसाला जिंजी घ्यायला १६९८ साल उजाडले. मधल्या काळात मोगलांचा वजीर असदखान आला, शाहजादा कामबक्ष आला, तरी गड हाती येईना. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांनी कारभार आणि लष्कर पुन्हा उभे केले. पन्हाळा आणि राजगड १६९२ मध्ये परत मिळाले. आज हे दोन्ही किल्ले जिंजीच्याच यादीत आहेत. मोगलांची एक मोठी फौज आणि भरपूर खजिना तेव्हाच्या कर्नाटकात, म्हणजे जिंजीच्या मुलखात, अडकून पडला नसता, तर हे इतके सुकर झाले असते असे वाटत नाही.

ही ताकद आयत्या वेळी आलेली नव्हती. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत जिंजी विजापूरकरांकडून घेतली. मदुरेच्या मिशनमधला जेझुइट पाद्री आंद्रे फ्रेइरे याने पुढच्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात नवे तट, खंदक, बुरूज आणि पाणवठे यांचे काम चालल्याची नोंद केली आहे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्या तटाने जोडून झालेला हा विस्तार. तीन बालेकिल्ले आणि मधली सपाटी एकाच वेळी आवळायची तर प्रचंड माणूसबळ हवे, आणि त्या माणसांच्या पोटाला रोज लागणारे धान्य बाहेरून आणायला हवे. इथेच संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव या मराठा सरदारांचे महत्त्व येते. डिसेंबर १६९२ मध्ये ते कर्नाटकात उतरले, संताजींनी मोगल सरदार अलीमर्दानखानाला पकडले, रसद तोडली, आणि वेढा घालणारेच वेढले गेले. त्यातच कामबक्ष मराठ्यांशी संधान बांधतो आहे या संशयावरून असदखान आणि त्याचा मुलगा झुल्फिकारखान यांनी बादशहाच्याच मुलाला कैद केले. तेव्हा झुल्फिकारखानाला वेढा तात्पुरता उठवून वांदिवाशकडे हटावे लागले.

यावर एक आक्षेप जुना आहे आणि वजनदारही. झुल्फिकारखानाने वेढा मुद्दाम लांबवला, तो आतून मराठ्यांशी मिळालेला होता, असा संशय त्याच्या समकालीनांनीच नोंदवला आहे. मग श्रेय किल्ल्याला कशाला? संशयात तथ्य असेलही. पण दुबळा गड असता तर अशी दिरंगाई दरबारात खपलीच नसती. औरंगजेबासारख्या संशयी बादशहासमोर 'गड अवघड आहे' ही सबब वर्षानुवर्षे चालली, कारण गड खरोखरच अवघड होता. दुसरा आक्षेप असा की जिंजी मराठ्यांनी बांधलेलीच नाही. खरे आहे, आज उभे असलेले बरेचसे बांधकाम नायकांच्या काळातले. पण मग शिवनेरी आणि पन्हाळाही यादीतून काढावे लागतील. यादी लष्करी व्यवस्थेची आहे, पाया कोणी घातला याची नाही.

माझ्या मते निर्णायक पुरावा नंतरचा आहे. सप्टेंबर १७५० मध्ये बुस्सीच्या फ्रेंच तुकडीने हीच जिंजी एका रात्रीत घेतली. डोंगर तेच होते, तट तेच होते. आत मात्र पराभवाने खचलेली फौज होती आणि बाहेरून धावून येणारा संताजी नव्हता. म्हणजे जिंजीची सात वर्षे केवळ दगडाची नाहीत. दगड, दाणागोटा, पाणी, शिबंदी आणि मैदानातले घोडदळ यांची मिळून आहेत.

म्हणून आता येणाऱ्या निधीबद्दल आग्रहाने बोलायला हवे. बारांपैकी आठ किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याकडे. संवर्धन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महादरवाजा, बुरूज आणि पुतळा येतो. वेढ्यात गड तगवणारी धान्यकोठारे, टाकी, तलाव आणि शिबंदीची घरटी मात्र झुडपांत राहतात. जिंजीतली मोठी कमानदार कोठारे अजून शाबूत आहेत. तिथे तमिळ आणि मराठीत वेढ्याचा सालवार तपशील लावावा, आणि महाराष्ट्रातल्या गडांवरही पहिला खर्च टाक्यांतला गाळ काढण्यावर व्हावा. रोषणाई नंतर करता येईल.