कम्युनियन म्हणजे काय? एका शब्दातले दोन प्रश्न

माझ्या पहिल्या संशोधन आराखड्यात मी लिहिलं होतं, 'कम्युनियन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा ख्रिस्ती विधी.' मार्गदर्शकांनी 'स्मरणार्थ' या शब्दाभोवती गोल काढला आणि समासात विचारलं, "कोणाच्या मते?"

त्या एका शब्दाने मी नकळत एका पक्षात जाऊन बसलो होतो. कसं, ते बघू.

शेवटच्या भोजनात येशूने भाकरीला आपलं शरीर म्हटलं. कॅथलिक शिकवणुकीनुसार विधीत भाकरीचं सत्त्वच बदलतं. रूप आणि चव मात्र तीच राहते. ल्यूथर म्हणे, भाकर भाकरच राहते, पण ख्रिस्ताचं शरीर तिच्यासोबत खरोखर असतं. झ्विंग्लीच्या मते भाकर ही खूण आहे, विधी स्मरणाचा आहे. १५२९ मध्ये मारबुर्ग इथे ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं. अडलं ते याच मुद्द्यावर, आणि दोघांचे मार्ग वेगळे झाले. माझी व्याख्या झ्विंग्लीची होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता!

पण हा झाला पहिला प्रश्न: भाकरीचं काय होतं? दुसरा प्रश्न त्याहून जुना आहे: ती कोण कोणाबरोबर खातं?

कम्युनियनमागचा मूळ ग्रीक शब्द आहे 'कोइनोनिया', म्हणजे सहभागिता. पहिल्या शतकात पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. त्यात त्याची तक्रार अशी, की प्रभुभोजनाला जमल्यावर काहीजण आधीच पोटभर खाऊन-पिऊन घेतात आणि गरीब उपाशी राहतात. म्हणजे पंगत मोडली, तर ते प्रभूचं भोजनच उरत नाही.

आपल्याला पंगतभेद काही नवा नाही. तमिळ प्रदेशातल्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये ख्रिस्ती झाल्यावरही जात टिकली होती. चर्चमध्ये बसायच्या जागा वेगळ्या, आणि प्रभुभोजनातही आधी कोण, नंतर कोण हे ठरलेलं. १८३३ मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हा अनेकजण चर्च सोडून गेले. त्यांचा वाद भाकरीच्या सत्त्वावर नव्हता, शेजारी कोण बसणार यावर होता.

आता माझ्या आराखड्यात व्याख्येच्या जागी हे दोन प्रश्न आहेत. धर्मग्रंथ आणि परिषदांचे ठराव वाचले तर पहिल्याचं उत्तर मिळतं. दुसऱ्यासाठी चर्चची दप्तरं, तक्रारअर्ज आणि पत्रव्यवहार चाळावा लागतो. म्हणून तुम्हीही आराखडा लिहायला बसाल, तेव्हा आपल्या व्याख्येतल्या प्रत्येक शब्दाला एकदा विचारून बघा: कोणाच्या मते?