काचेच्या तारेचा हिशोब

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड ही दोन्ही गावे बाजारपेठेची. एकाच्या शेजारी रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्याच्या तालुक्यात कुरकुंभची. येथे वायरिंग, टीव्ही दुरुस्ती किंवा केबलचे काम करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांसाठी फायबर जोडणी हा हातचा धंदा आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. खाजगी कंपन्याही घरोघर तार नेत आहेत. ती काच आपल्याच राज्यात, वाळूजला तयार होते.

तांब्याची तार पिळून टेप गुंडाळली की काम भागते. येथे तसे चालत नाही. प्रकाश ज्या गाभ्यातून जातो त्याची जाडी अवघी नऊ मायक्रॉन, म्हणजे केसाच्याही कितीतरी पट कमी. दोन गाभे समोरासमोर तंतोतंत आले पाहिजेत.

एक्स्चेंजमधून निघालेली एक तार स्प्लिटर नावाच्या डबीत बत्तीस घरांत वाटली जाते. या डबीला वीज लागत नाही. वाटेत कितीही लोडशेडिंग असो, ती चालूच. (दोन्ही टोकांच्या यंत्रांना मात्र वीज हवी, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.) पण वाटणीत प्रकाश घटतो, आणि ही घट डेसिबलमध्ये मोजतात. दर तीन डेसिबलला प्रकाश निम्मा होतो.

नेहमीच्या जीपॉन यंत्रणेत सुमारे २८ डेसिबलपर्यंत घट चालते. एवढी घट झाली की रुपयातला पैशाचा सहावा हिस्सा उरतो! एक्स्चेंजपासून बारा किलोमीटरवरची वाडी धरा. तारेत सुमारे ४.२, बत्तीसच्या स्प्लिटरमध्ये १७.५, सहा जोडांत ०.६, चार कनेक्टरांत २. एकूण २४.३. शिल्लक ३.७ डेसिबल. दोन कनेक्टरांवर धूळ बसली, एक वळण आवळले गेले, की ही शिल्लक संपते आणि इंटरनेट बंद पडते. दोष बहुधा कंपनीला दिला जातो. खरी चूक जोडणाऱ्याच्या रुमालात असते.

चांगला जोड असा होतो : वरचे आवरण सोलावे, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, क्लीव्हरने टोक सरळ कापावे, मग यंत्रातील विजेच्या ठिणगीने दोन्ही टोके वितळवून एक करावीत आणि वर स्लीव्ह चढवावी. हा जोड दहावा हिस्सा डेसिबलच्या आसपास खातो. यंत्राविना बसणारा झटपट कनेक्टर घाईत बरा, पण त्याचा तोटा जास्त, आणि पुढे तक्रारीही जास्त येतात. हिरव्या कनेक्टरचे टोक आठ अंश तिरके घासलेले असते. तो निळ्यात खुपसू नये. तुटलेल्या काचेचे तुकडे झाकणाच्या डबीतच टाकावेत. चालू तारेत डोळा लावून पाहू नये. प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

भांडवलाबाबत आमचे मत असे : पहिली खरेदी पॉवर मीटर आणि चांगल्या क्लीव्हरची. जोडणीचे यंत्र महाग, ते दोघा-तिघांनी भागीदारीत घ्यावे. मात्र शिरूर व दौंड यांत अंतर बरेच आहे. एकाच यंत्रावर दोन्ही गावांची दुरुस्ती अंगावर घेऊ नये. उसाच्या पट्ट्यात पाइपलाइनसाठी जेसीबी चालला की तार कधी तुटेल याचा नेम नसतो.