थांबायला वेळ हवा : संवेग आणि आवेग

बिजासन घाट उतरला की मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे जिल्ह्यातलं पळासनेर लागतं. 4 जुलै 2023 रोजी इथे ब्रेक निकामी झालेला मालवाहू कंटेनर वाहनांना धडकत हॉटेलात घुसला. किमान 10 जणांचा जीव गेला.

● संवेग : वस्तुमान गुणिले वेग. 30 टनांचा ट्रक ताशी 72 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 20 मीटरने धावत असेल, तर त्याचा संवेग 6 लाख किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. 1 टनाच्या मोटारीला एवढ्या संवेगासाठी ताशी 2,160 किलोमीटर वेग लागेल!

● आवेग : बल गुणिले वेळ. संवेगात जेवढा बदल, तेवढाच आवेग. एकक न्यूटन-सेकंद.

● वेळेचं मोल : हाच ट्रक 10 सेकंदांत थांबवायला सरासरी 60 हजार न्यूटन बल पुरतं. धडकेत तो पाव सेकंदात थांबला, तर 24 लाख न्यूटन. म्हणजे 40 पट.

● जीव वाचतो तो असा : सीटबेल्ट, एअरबॅग आणि हेल्मेटचं अस्तर शरीराच्या संवेगातला बदल घटवत नाहीत; संवेग शून्यावर येण्याचा वेळ वाढवतात. त्यामुळे शरीरावरचं बल कमी होतं.

● घाटात : रावेर-यावलची केळी भरलेल्या ट्रकचा संवेग त्याच वेगाच्या रिकाम्या ट्रकपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून उताराआधीच वेग कमी करा, खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका. इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.