ऊन दाखवू नका!

आमच्या मराठवाड्यात घरोघरी एक हुकमी जंतुनाशक आहे, ते म्हणजे ऊन. गाद्या, गोधड्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, सारे गच्चीवर. नांदेडला भाचीच्या गच्चीवर गोधडीशेजारी मुलाचा ‘व्हीआर’ हेडसेट दिसला, म्हणजे डोळ्यांवर बांधला की आभासी जग दाखवणारे ते यंत्र. मी धावत जाऊन उचलला. त्यात भिंगे असतात. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो, तसाच आतला पडदा जळतो. त्याला फार वेळ लागत नाही.

भाचीची धास्ती मात्र खरी होती. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची साथ पसरली, ती मुख्यतः एन्टेरोव्हायरसची. हा विषाणू कोरड्या वस्तूंवर कित्येक दिवस तग धरतो आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरला सहजी दाद देत नाही. लातूर-नांदेडला शिकवणीसाठी आलेली मुले एका खोलीत तिघे-चौघे राहतात. तिथे एकच हेडसेट हातोहात फिरला, तर टॉवेल फिरल्यासारखेच की!

तेव्हा चेहऱ्याला टेकणारे सिलिकॉनचे आवरण ज्याचे त्याचे असावे. ते काढून साबणाने धुता येते. पट्टे जंतुनाशक वाइपने पुसून सावलीत वाळवावेत. भिंगांना पाणी नको, स्पिरिट तर नकोच. चष्म्याच्या कोरड्या, मऊ फडक्याने मधून कडेकडे गोल पुसावे. पदराने पुसाल तर ओरखडे पडतील. आणि ज्याचे डोळे आलेत, त्याला ते पूर्ण निवळेपर्यंत हेडसेट देऊ नये. रुसला, तर रुसू द्या.